आटतं ते दिसत नाय

बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. ह्यांना नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. वसाहतीजवळच्या खोल्या धुराने आणि गर्दीने नकोशा वाटल्या, म्हणून कुणीतरी या गावातलं चिकूच्या वाडीतलं घर सुचवलं. पुढे घरमालक राहायचे, मागच्या दोन खोल्या आमच्या.

पहिल्या सकाळी मला जाग आली ती पत्रा करकरल्याच्या आवाजाने. खिडकीतून पाहिलं, तर अंगणात घरमालक आपल्या मोटारीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे होते. अंगात बंडी, खाली ढगळ खाकी चड्डी, कमरेला धोतराचा जुना तुकडा खोचलेला. मला वाटलं, कुठे तातडीने जायचं असेल आणि गाडी बिघडली असेल. मी चहा करून घेतला, झाडलोट केली, तरी ते तिथेच. मग त्यांनी बॉनेट हलक्या हाताने दाबून लावलं, दगडावर हात घासून धुतले आणि आंघोळीला गेले. गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पत्रा करकरला.

त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. चिकूची वाडी, थोडी भातशेती, कुंपणाच्या कुडाला लागून मोगरा. खाऊनपिऊन सुखी माणूस. गाडी जुनी ॲम्बेसिडर, डहाणूकडच्या एका इराणी बागायतदाराकडून घेतलेली. देताना त्या म्हाताऱ्याने किल्ली हातात ठेवली आणि एवढंच बजावलं, की हिला दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पाजू नकोस. भाऊंनी ते एखाद्या गुरुमंत्रासारखं घेतलं. इराण्याने सहज म्हटलं असेल, पण भाऊ सहज असं काही ऐकायचेच नाहीत.

रोजचा क्रम ठरलेला. गाडी रात्रभर थंड झालेली असायची. आधी रेडिएटरचं झाकण फिरवून आत बोट घालायचं. मग ऑइल मोजायची पट्टी उपसायची, फडक्याने स्वच्छ पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा उपसायची, आणि उजेडाकडे धरून बघायची. पट्टीच्या टोकाचा थेंब बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायचा. "काळं झालं म्हणून घाबरायचं नाय," मला एकदा म्हणाले, "ते काळं होनारच, काम करतंय ना. खरखर लागली तर घाबरायचं." मग बॅटरीची बुचं एकेक काढून आत डोकावायचं, आणि शेवटी ब्रेक ऑइलची छोटी डबी. ती मात्र ते उघडायचे नाहीत, बाहेरूनच बघायचे. समुद्राची हवा आत गेली तर तेल पाणी पितं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं म्हणे.

बहुतेक दिवशी काही घालावं लागायचंच नाही. गाडी महिन्यातून दोनचार वेळा बाहेर पडायची. पालघरला कचेरीत, वाणगावला कुणा नातेवाइकाकडे, लग्नसराईत जरा जास्त. उभ्या गाडीत काय आटणार? मी एकदा विचारलंही.

"आटतं ते दिसत नाय, बाय," भाऊ म्हणाले. "सांडतं ते दिसतं. सांडलं की लोक धावतात. आटलेलं कुनाला कळत नाय, म्हनून बगायचं."

मला ते बाय म्हणायचे, लेकीला म्हणतात तसं. त्यांना मूलबाळ नव्हतं.

रेडिएटरच्या पाण्याची त्यांची वेगळीच तऱ्हा होती. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. समुद्र जवळ, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागायचा, हंड्याला आतून पांढरा थर धरायचा. ते पाणी आम्ही सगळे प्यायचो, भाऊही प्यायचे. पण गाडीला चालायचं नाही. त्यासाठी श्रावणात, कौलं धुऊन स्वच्छ झाली की पागोळ्यांखाली फडकं बांधलेली पातेली लागायची, आणि ते पाणी काचेच्या मोठ्या बाटल्यांत भरून माजघराच्या फळीवर रांगेने जायचं. लोणच्याच्या बरण्या खाली, गाडीच्या बाटल्या वर.

त्यांच्या बायको, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो, त्या फळीकडे बघून मला म्हणायच्या, "गाडीला रोज विचारतात, तहान लागली काय गं. मला लगीन झाल्यापासनं विचारलं नाय." आणि खळखळून हसायच्या. उंच, सावळ्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या आक्का वाडीतली निम्मी कामं स्वतः करायच्या. चिकू उतरवायला माणसं आली की त्यांच्या आधी झाडाखाली उभ्या.

भाऊंचं हे वेड फक्त स्वतःच्या गाडीपुरतं असतं, तर गावाने सोडून दिलं असतं. पण त्यांच्या अंगणात उभं राहिलेलं कुठलंही वाहन त्यांनी बघितल्याशिवाय परत जात नसे. ह्यांनी स्कूटर घेतली, तेव्हा पेढे खाण्याआधी भाऊंनी तिची टाकी उघडून आत वास घेतला. त्या वेळी स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. "पंपावरचा पोरगा मापानं घालतो का अंदाजानं?" त्यांनी विचारलं. ह्यांना माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला भाऊ स्वतः मागच्या सीटवर बसून पंपावर गेले, आणि त्या पोराला माप दोनदा भरून दाखवायला लावलं. मागे रांग लागलेली. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं, "आपण खोली बदलूया." बदलली नाही. दुसरीकडे कुठे चिकू मोफत मिळणार होते?

घरासमोरचा रस्ता तारापूरला जाणारा. एकदा भर दुपारी एक ट्रक धापा टाकत आमच्या दारात थांबला. पुढून वाफ येत होती. ड्रायव्हर पंजाबी, तरणाबांड. उडी मारून आला. "चाचा, एक बाल्टी पानी दे दो, जल्दी है."

भाऊंनी विहिरीवरून बादली भरून आणली, ट्रकजवळ नेली, आणि स्वतःच्या दोन पायांच्या मधे ठेवून उभे राहिले. "अबी नय. गरम हाय. खोलेगा तो मूँ जलेगा. बैठ, चाय पी."

"चाचा, माल टाइम पे पहुँचाना है।"

"इंजिन फुटेगा तो टाइम पे पहुँचेगा?"

ड्रायव्हर चिडला, हात जोडले, पुन्हा चिडला. भाऊ बादली सोडेनात. शेवटी तो ओटीवर बसला, आक्कांनी चहा दिला, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली. तो जेवला, आणि बसल्याबसल्या खांबाला टेकून झोपून गेला. ट्रक निवाला तेव्हा भाऊंनीच त्याला उठवलं. नंतर त्या रस्त्याने जाताना तो कायम हॉर्न वाजवायचा. आक्का आतून ओरडायच्या, "आला बगा तुमचा जावई."

आणि ते भाऊंच्या पुतणीचं लग्न. नवरा मुलगा मनोरकडचा, फुलांनी मढवलेल्या गाडीतून आला. वऱ्हाड उतरतंय, बँड वाजतोय, आणि भाऊ गर्दीतून वाट काढत गाडीपाशी. मला दिसलं, आक्कांनाही दिसलं. आक्का म्हणाल्या, "बाय, धर त्यांना." तोवर झेंडूच्या माळा वर सारून बॉनेट उघडलेलंही होतं. रेडिएटर वाफ सोडत होता. भाऊंनी इकडेतिकडे बघितलं आणि नवऱ्या मुलाचे पाय धुवायला पाणी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या हातातला तांब्या घेतला, आणि इंजिन निवायची वाट बघत उभे राहिले. व्याही अवाक. भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त!" भाऊ म्हणाले, "जाताना पोरगी हिच्यात बसनार हाय ना? मग." आक्कांनी दुसरा तांब्या आणून पाय धुतले आणि व्याह्यांना सांगितलं, "आमच्याकडं ही पद्दत हाय. आदी गाडीची पूजा." व्याह्यांना ते पटलं, की त्यांनी पटवून घेतलं, कोण जाणे.

असे हसतखेळत दिवस चालले होते. त्यात आक्का बारीक होत गेल्या, ते आमच्या कुणाच्याच नीट लक्षात आलं नाही. कामाचं शरीर, उन्हाळा, वय, अशी कारणं त्याच सांगायच्या. काष्टा अजून घट्ट मारायच्या आणि कामाला लागायच्या. माजघरातला माठ दिवसातून दोनदा भरावा लागायचा, पण त्या स्वतःच भरायच्या, त्यामुळे बोभाटा नव्हता. मग कुडाची एक कामटी पायात घुसली. जखम बुजेना. हळद झाली, झाडपाला झाला. पाय सुजला, ताप आला.

एका दुपारी मी मागून हाक मारली, तर उत्तर नाही. पुढे जाऊन बघते तो आक्का ओटीवर आडव्या, डोळे अर्धे उघडे, बोलणं जड. मी ओरडले. भाऊ वाडीतून धावत आले. आम्ही दोघांनी त्यांना उचलून गाडीत मागच्या सीटवर घेतलं, मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. भाऊ पुढे गेले, आणि त्यांचा हात सवयीने बॉनेटच्या खटक्यावर गेला.

"भाऊ!" मी एवढंच म्हटलं.

त्यांनी हात चटका बसल्यासारखा काढला आणि गाडीत बसले. गाडी एका किल्लीत सुरू झाली. पालघरच्या रस्त्याला त्यांनी ती अशी काढली, की मी त्यांना कधी इतकं जोरात चालवताना पाहिलं नव्हतं.

वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जायची होती. ती येईना. ऊन मी म्हणत होतं. आक्का पुटपुटल्या, "पानी." मी घाईत काहीच बरोबर घेतलं नव्हतं. भाऊ उतरले, डिकी उघडली आणि पावसाच्या पाण्याची बाटली घेऊन आले. बूच काढून माझ्या हातात दिली. मी आक्कांच्या ओठांना लावली. त्या प्यायल्या. थांबल्या, पुन्हा मागितली, पुन्हा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं आणि त्या पीतच होत्या. ती मोठी बाटली बघता बघता निम्म्यावर आली, मग त्याच्याही खाली गेली. भाऊ उघड्या दारात वाकून उभे होते. आक्कांकडे नाही, त्या बाटलीकडे बघत होते. मालगाडी आली, धडधडत गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तरी ते तसेच उभे.

"भाऊ, चला," मी म्हटलं, तेव्हा ते हलले.

पालघरच्या दवाखान्यातले डॉक्टर मध्यमवयीन, शांत होते. तपासलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं. मग बाहेर येऊन भाऊंना विचारलं, "साखरेचा आजार आहे. बराच वाढलाय. इतकं पाणी कधीपासून पितायत या?"

भाऊ म्हणाले, "डाक्टर, मी आज बगितलं."

एवढंच. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांना त्या वाक्यात काही विशेष वाटलं नसेल. भाऊ मात्र भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले आणि संध्याकाळी हे कारखान्यातून येईपर्यंत तसेच बसून राहिले.

आक्का वाचल्या. पाय वाचला, एक बोट मात्र गेलं. घरी आल्या त्या इंजेक्शनच्या काचेच्या सिरिंजसकट. रोज सकाळी सिरिंज उकळायची, ओल्या वाळूत ठेवलेल्या गाडग्यातून औषधाची बाटली काढायची. आणि त्याआधी लघवी तपासायची. आता बोटाला टोचून क्षणात आकडा दिसतो, तेव्हा तसं काही घरोघरी नव्हतं. एक निळं औषध मिळायचं. ते काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे काही थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर फार.

हे काम भाऊंनी स्वतःकडे घेतलं. आता सकाळी बॉनेटच्या आधी दिवा पेटायचा. ओटीवर, कारण तिथे उजेड चांगला. भाऊ नळी चिमट्यात धरून उकळायचे, मग सूर्याकडे धरून एक डोळा मिटून बघायचे, आणि मोठ्याने जाहीर करायचे, "आज हिरवा!" रस्त्यावरून जाणारा दूधवाला विचारायचा, "काय भाऊ, हिरवा?" भाऊ म्हणायचे, "काल पिवळा होता. उतरतोय." दूधवाल्यालाही रंगांचे अर्थ पाठ झाले. समुद्रावरून मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, "आक्काचा आज कुठला?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

आक्कांचं हसणं कमी झालं. भाऊ त्यांच्या ताटात बघायचे. पाऊल उचलून बोटांच्या बेचक्यांत बघायचे. जीभ काढायला लावायचे. झाडाखाली पडलेला चिकू आक्कांनी उचलला, तरी लांबून हाक यायची, "ठेव तो." भात किती, भाकरी किती, पाणी किती, सगळ्यावर पहारा. जे इतकी वर्षं बघितलं नाही, ते सगळं ते आता एकदम बघत होते. मला त्यांची दयाही यायची. पण आक्का मला एकदा कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "बाय, मला वाटतं माजं झाकनच उघडून ठेवलंय."

संक्रांतीनंतर आक्कांनी हळदीकुंकू केलं. आजारानंतर पहिल्यांदा घरात बायका आलेल्या. आक्कांनी हिरवी साडी नेसली होती, अबोलीचा गजरा होता. मीच केसांत माळला होता. बायका गप्पा मारत होत्या. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा तपासायला सांगितलं होतं, आणि भाऊंची वेळ कधी चुकायची नाही. ते मागच्या दाराने आले, हातात नळी. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "विटकरी आला! काय खाल्लंस तू? तिळाचा लाडू खाल्लास?"

कुणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "असू दे रे भाऊ, सनाचा दिवस." आक्का उठल्या. उरलेल्या बायकांना शांतपणे हळदीकुंकू लावलं, प्रत्येकीच्या हातात वाण दिलं. सगळ्या गेल्यावर आत जाऊन कापडाची पिशवी भरली, सिरिंज आणि औषध ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ मागोमाग गेले. "गाडी काढतो ना," म्हणाले.

"गाडीत तुमी बसा," आक्का म्हणाल्या. "मी काय तुमची मोटार नाय." एसटी आली आणि त्या माहेरी गेल्या.

त्यांचं माहेर वाणगावच्या पलीकडे. भावाची चिकूची वाडी. भाऊंनी आधी दोनतीन दिवस तोऱ्यात काढले. मग त्यांचं जेवण कमी झालं. मग एका सकाळी मला जाग आली, तेव्हा पत्रा वाजला नव्हता. मी दार उघडून बघितलं, तर ते ओटीच्या पायरीवर बसले होते, गाडीचं बॉनेट बंदच. मला बघून म्हणाले, "बाय, येतीस काय माज्यासंगं? तुजं ती ऐकते."

गेलो. आक्कांच्या भावाच्या अंगणात चिकू वाहून नेणारा टेम्पो उभा होता. मी मनात म्हटलं, आता हे त्याचं बॉनेट उघडतात. भाऊंनी त्याच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही.

आक्का पडवीत चिकू निवडत बसल्या होत्या. चेहरा जरा भरलेला दिसत होता. भाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांची नजर आपोआप आक्कांच्या पावलांवर गेली. आक्कांनी पावलं लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतली.

"बगू नका," त्या म्हणाल्या. "विचारा."

"काय विचारू?"

"आता तेपन मीच सांगू?"

आक्कांची भावजय दारात येऊन उभी राहिली होती. तिला मी खुणेने आत जायला सांगितलं. भाऊ विचार करत होते. खरंच करत होते. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, औषध घेतलंस का, साखर किती, असंच काहीतरी येणार. कदाचित आक्कांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी मान खाली घालून पुन्हा चिकू निवडायला घेतले.

भाऊ म्हणाले, "तुला इकडं बरं वाटतं काय?"

आक्कांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "वाटतं."

"सुई कोन टोचतं?"

"मीच टोचते."

भाऊंनी मान हलवली. हातातली टोपी एकदा फिरवली. "मग ऱ्हा," म्हणाले, आणि खरोखरच वळून गाडीकडे चालू लागले. मी मधेच उभी. आक्कांनीच हाक मारली, "अवो, चहा तरी घेऊन जा. बाय एवड्या लांबून आली हाय."

चहा घेऊन आम्ही दोघंच परत आलो. येताना भाऊंचे डोळे भरून येत होते आणि ते सारखी काच पुसत होते, जणू दोष काचेचा होता.

आक्का काही दिवसांनी आल्या. एसटीने, एकट्या, पिशवी खांद्यावर. आल्या आल्या ओटीवरचा स्पिरिटचा दिवा, नळी आणि निळ्या औषधाची बाटली उचलून मागे न्हाणीच्या आडोशाला नेली. त्या दिवसापासून तपासणी तिथे व्हायची, त्यांच्या हाताने. भाऊ ओटीवर बसून राहायचे. मनात आलं तर आक्का तिथून ओरडायच्या, "निळा!" मनात नसेल तर नाही. नाही ओरडल्या त्या दिवशी भाऊंचा जीव कसा टांगणीला लागायचा, हे मी माझ्या खिडकीतून बघायचे. हात सारखे चुळबुळ करायचे. पण ते उठले नाहीत. एकदाही मागे गेले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती कठीण गेलं असेल, हे त्या वयात मला पूर्ण कळलं नव्हतं.

पुढे ह्यांना नाशिकला चांगली नोकरी मिळाली आणि आम्ही गाव सोडलं. निघताना भाऊंनी आमचं सामान नेणाऱ्या टेम्पोचं ऑइल बघितलं, हे सांगायलाच नको. सुरुवातीला जाणंयेणं होतं. मग मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, असं करत राहून गेलं. आक्का गेल्याचं आम्हाला बऱ्याच उशिरा, बोईसरच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळलं. हे म्हणाले, "जाऊन ये."

मी गेले तेव्हा भाऊ ओटीवर एकटेच होते. खूप वाळले होते, पण दाढी केलेली, बंडी स्वच्छ. मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. "बाय," म्हणाले, आणि सरकून जागा करून दिली. गाडी अंगणातच होती, ताडपत्रीखाली.

"आठवड्यातनं एकदा बगतो," मी न विचारता त्यांनीच सांगितलं. "रोज काय बगायचं."

आक्का कशा गेल्या, ते त्यांनी सावकाश सांगितलं. बरीच वर्षं त्या चांगल्या होत्या. वाडीत काम करायच्या. त्या दिवशीही सकाळी फुलं काढली, सुई घेतली. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि झोपेतच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय.

"सकाळी निळा होता, बाय," भाऊ म्हणाले. "मागनं ओरडून सांगितलं तिनं. पाय बरा होता. जेवन बरोबर होतं. सगळं बरोबर होतं." ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "तरी गेली."

असा माणूस, ज्याने जन्मभर एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, की वेळेवर बघितलं आणि कमी पडेल ते घातलं तर काही बंद पडत नाही. त्याला मी काय सांगणार होते? मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो कडक आणि कोरडा होता.

"चहा करतो," म्हणत ते उठले. मी करते म्हटलं, तर ऐकेनात. दोन कप घेऊन आले. मी घोट घेतला. चहा कडू होता, साखर नव्हती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"साखर नाय ना? विसरलोच," ते म्हणाले. "ती दवाखान्यातनं घरी आली, तेवा मी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. तिच्यासमोर गोड चहा प्यायला बरं नाय वाटायचं. ती म्हनायची, तुमी प्या ना. पन नाय वाटायचं बरं. मग आनलीच नाय."

मी राहू द्या म्हणत होते. त्यांनी कुडापाशी जाऊन शेजारच्या सुनेला हाक मारली. ती वाटीभर साखर घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली आणि गेली. भाऊंनी माझ्या कपात दोन चमचे घातले आणि नीट ढवळलं. वाटी बाजूला ठेवली.

"तुम्हीपण घ्या की, भाऊ," मी म्हटलं. "आता..."

त्यांना कळलं. चमचा हातात धरून ते वाटीकडे बघत राहिले. मग अर्धा चमचा साखर घेतली, कपात सोडली आणि कितीतरी वेळ ढवळत बसले. विरघळून गेली तरी ढवळत होते. शेवटी कप तोंडाला लावला.

"गोड लागतो," म्हणाले. तक्रार केल्यासारखं.

आणि कप खाली न ठेवता, घोट घोट करत, त्यांनी तो सगळा संपवला.